ओव्यांच्या पुस्तकाला कुठला कागद लावू?

जिंतूर तालुक्यातल्या एका गावातून पत्र आलंय. लिहिणाऱ्यानं नाव टाकलेलं नाही, खाली नुसतं ‘एक नातू’ एवढंच आहे. पत्र लांब आहे म्हणून कामापुरतं देते:

‘मावशी, माझी आजी ८४ वर्षांची आहे. तिला जात्यावरच्या लई ओव्या पाठ आहेत. मी दोन वर्षांपासून मोबाइलवर रेकॉर्ड करून वहीत उतरवून घेतोय. आता कॉम्प्युटरवर ६४ पानांचं पुस्तक तयार झालंय, त्यात ४० फोटो आहेत, काही जुने ब्लॅक अँड व्हाइट, काही मोबाइलचे. भाऊबीजेला पाच आत्या येतात, तेव्हा प्रत्येकीच्या हातात एक एक पुस्तक द्यायचंय. घरी इंक टँकचा प्रिंटर आहे, बहिणीच्या ऑनलाइन क्लाससाठी घेतलेला. झेरॉक्सच्या कागदावर काढून बघितलं तर फोटो मळकट आले, पानाला लाटा पडल्या आणि मागचं सगळं पुढून दिसायला लागलं. मग दुकानातून ग्लॉसी कागदाचं पाकीट आणलं. त्यावर फोटो चांगले आले पण अक्षरं पुसायला लागली, दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा बोटाला काळं लागत होतं आणि दोन पानं एकमेकाला चिकटून बसली. दुकानदार म्हणतो अजून जाड कागद न्या. आजीला वाचता येत नाही पण फोटो सगळे ओळखते. नेमका कुठला कागद घेऊ ते सांगा, पाकिटामागून पाकिटं आणणं परवडत नाही.’

बाळा,

आधी त्या दुकानदाराचं म्हणणं बाजूला ठेव. जाडीनं तुझं काम होणार नाही, तू २५० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाडजूड, ग्लॉसी आणलास तरी अक्षरं अशीच पुसतील. तुझी अडचण कोटिंगची, म्हणजे कागदावरच्या लेपाची आहे आणि सेटिंगची आहे. तुला पाहिजे इंकजेटसाठी, म्हणजे तुझ्या घरच्यासारख्या शाईच्या प्रिंटरसाठी बनवलेला मॅट, बिनचमकीचा कागद, दोन्ही बाजूंनी कोटिंग असलेला, १२० ते १४० जीएसएमच्या मधला, आणि छापताना प्रिंटरला सांगायचं की बाबा हा मॅट कागद आहे. उत्तर एवढंच आहे. पण का ते नीट कळलं नाही तर दुकानात गेल्यावर परत कोणीतरी दुसरंच पाकीट हातात देईल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी परभणीत झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान १८ वर्षं चालवलं. लग्नपत्रिकेचे नमुने, शाळांचे अहवाल, वर्षश्राद्धाच्या छोट्या पुस्तिका, सगळं केलं, आणि फोटो असलेल्या कागदपत्रांवर जेवढे कागद वाया गेले तेवढे दुसऱ्या कुठल्याच कामात गेले नाहीत. म्हणून हे मनापासून सांगते.

शाळेत शाईचा पेन वापरलायस का कधी? स्वस्तातल्या वहीवर लिहिलं की शाई फुटायची, अक्षराला केस फुटल्यासारखे दिसायचे आणि पानाच्या मागे डाग उमटायचा. तुझ्या झेरॉक्सच्या कागदावर तेच झालंय. इंकजेटच्या शाईत जास्तीत जास्त भाग पाण्याचाच असतो, आणि झेरॉक्सचा कागद बनवलेला असतो टोनरसाठी, म्हणजे कोरड्या पावडरीसाठी, जी उष्णतेनं वितळून कागदावर वरच्या वर बसते. त्याला पाण्याची सवय नाही. एक-दोन ओळी अक्षरं असली तर खपून जातं, पण फोटो म्हणजे पानाच्या एका भागावर भरपूर शाई, तिथले धागे ओले होऊन फुगतात, बाकीचा भाग कोरडाच राहतो, म्हणून लाटा पडतात. आणि शाईचा प्रत्येक बारीक ठिपका पसरून शेजारच्या ठिपक्यात मिसळतो, त्यामुळं चेहऱ्यावरची सावली, डोळे, पदराचा काठ सगळं एक होऊन जातं. मळकट म्हणतोस ते हेच. घरात भिंग असलं तर बघ, ओवीतल्या ‘क’च्या गोलाईला धाग्याधाग्यानं शाई पळालेली दिसेल.

आता ग्लॉसीचं. तुझी काळी अक्षरं का पुसली हे मला वाटतं मी इथं बसून सांगू शकते. शाई दोन जातीची असते. डाय म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळलेला रंग, तो कागदात मुरतो. पिगमेंट म्हणजे रंगाचे अतिशय बारीक कण, ते कागदाच्या वर बसतात. घरगुती इंक टँकच्या बऱ्याच प्रिंटरमध्ये, कॅननची ‘जी’ नावाची सिरीज घे किंवा एचपीचे स्मार्ट टँक घे, काळी शाई पिगमेंट असते आणि बाकीचे तीन रंग डाय असतात, कारण साध्या कागदावर अक्षरं काळी कुळकुळीत यावीत. एप्सनच्या एल ३२५० सारख्या मशीनला चारही शाया डाय आहेत. तुझा कुठला ते तू लिहिलं नाहीस, पण अक्षरं पुसतायत आणि फोटो नीट आलेत म्हणजे तुझी काळी पिगमेंट आहे असं मी धरून चालते. ग्लॉसी कागदाचं तोंड डायसाठी केलेलं असतं, पिगमेंट काळी त्यात जात नाही, वरच काजळीसारखी बसून राहते. काजळाला बोट लावलं की काय होतं, तेच.

मग फोटो स्टुडिओवाले ग्लॉसीवर कसं छापतात? ते प्रिंटरला सांगतात की हा ग्लॉसी आहे. तसं सांगितलं की असे बरेच प्रिंटर पिगमेंट काळी बाजूला ठेवतात आणि बाकीचे तीन रंग मिसळून काळा तयार करतात, तो डाय असतो, तो मुरतो, पुसत नाही. तू बहुतेक वर्डमधून सरळ प्रिंटचं बटण दाबलंस आणि सेटिंग ‘प्लेन पेपर’वरच राहिलं. मशीनला कागद दिसत नाही रे बाळा, आपण जे सांगू त्यावर ते विश्वास ठेवतं. किती शाई टाकायची, कुठली काळी वापरायची, कागद किती हळू ओढायचा, हे सगळं ते त्या एका ओळीवरनं ठरवतं. दुकानात असताना मी मुलांना रोज सांगायचे, कागद बदलला की सेटिंग बदल, आधी सेटिंग आणि मग प्रिंट.

ते सेटिंग कुठं असतं तर प्रिंट दिल्यावर जी खिडकी उघडते त्यात प्रिंटरच्या नावाशेजारी प्रॉपर्टीज किंवा प्रेफरन्सेस असं असतं, त्यात जा, तिथं मीडिया टाइप किंवा पेपर टाइप आहे, त्यात मॅट निवड आणि खाली क्वालिटी हाय कर. मोबाइलवरून प्रिंट देत असशील तर त्यात हे पर्याय कमी दिसतात, म्हणून हे काम कॉम्प्युटरवरूनच कर.

आता तू म्हणशील, मग ग्लॉसीचं सेटिंग लावून ग्लॉसीवरच छापतो की, पाकीट तर आणलेलंच आहे. एखादा फोटो छापून फ्रेम करायचा असता तर मीच म्हणाले असते कर. पण तुझं पुस्तक आहे. एक तर आपल्याकडं मिळणारा बहुतेक ग्लॉसी एकाच बाजूनं छापायचा असतो, मागची बाजू छपाईची नसते, म्हणजे ६४ पानांना ६४ कागद लागतील आणि पुस्तक वीट होईल. दुसरं म्हणजे ग्लॉसी पानं समोरासमोर बंद राहिली, त्यात दमट हवा असली, की चिकटतात, ते तू बघितलंसच. आणि तिसरं मला सगळ्यात मोठं वाटतं. चकचकीत पानावर ट्यूबलाइटचा उजेड पडला की पांढरा पट्टा दिसतो, आपण मान तिरकी करून बघतो. ८४ वर्षांच्या बाईनं मान किती तिरकी करायची? त्या आजीला वाचता येत नाही असं तू लिहिलंस, म्हणजे तिच्यासाठी हे पुस्तक म्हणजे फोटोच आहेत, अक्षरं आत्यांसाठी. तिला पान हातात धरल्या धरल्या चेहरा दिसला पाहिजे. मॅटवर उजेड असा परावर्तित होत नाही, पसरतो, कुठूनही बघितलं तरी चेहरा चेहऱ्यासारखा दिसतो. रंग ग्लॉसीइतके भडक येणार नाहीत, काळा थोडा मऊ दिसेल, ते खरं आहे आणि ते मी तुझ्यापासून लपवत नाही. पण ओव्यांच्या पुस्तकाला तो मऊपणा शोभतो असं माझं मत आहे.

मॅट कोटिंग म्हणजे कागदावर फार बारीक पांढऱ्या भुकटीचा थर असतो, त्याला असंख्य सूक्ष्म छिद्रं असतात, शाई पडली की जागच्या जागी शोषली जाते, पसरायला वेळच मिळत नाही. म्हणून एकाच पानावर बारीक अक्षरं आणि फोटो दोन्ही नीट येतात, आणि तुझं नेमकं हेच काम आहे. साधा हात फिरवला तर खडूच्या फळ्यावर फिरवल्यासारखं लागतं. छपाईची बाजू कुठली ते ओळखायला जरासं ओलं बोट कोपऱ्याला टेकवायचं, कोटिंग असेल तर बोट चिकटल्यासारखं होतं. डबल साइड म्हणून घेतलास तर दोन्हीकडं चिकटलं पाहिजे, एकाच बाजूला चिकटलं तर पाकीट परत कर.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम. एफोरची १६ पानं मिळून एक चौरस मीटर होतं, म्हणजे ८० जीएसएमचं एक पान ५ ग्रॅमचं आणि ५०० पानांची रिम अडीच किलोची. ७० ची रिम २ किलो १९० ग्रॅमच्या जवळपास भरते. मी दुकानात नवीन माल आला की शेजारच्या किराणावाल्याच्या काट्यावर रिम ठेवायचे, वेष्टनावर ८० लिहिलंय आणि आत काय आहे ते लगेच कळतं. पण जीएसएम फक्त वजन सांगतं, शाई कशी बसेल ते सांगत नाही. कोटिंग नसलेला २०० चा पुठ्ठ्यासारखा कागद पण शाई फोडतो आणि १०८ चा कोटिंगवाला सुंदर छापतो. तुला १२० ते १४० एवढ्यासाठी सांगते की दोन्ही बाजूंनी फोटो छापल्यावर आरपार दिसू नये आणि तरी पान सहज उलटावं. १८० च्या पुढचा आतल्या पानांना नको, पान ताठ राहतं, पुस्तक उघडं ठेवलं की आपोआप मिटतं, आणि समोरच्या खालच्या ट्रेमधून कागद वळून जाणारं मशीन असलं तर अडकतो पण. मागून सरळ कागद घालायची सोय असेल तर तीच वापर.

दुकानात गेल्यावर पाकिटावर तीन शब्द शोध, इंकजेट, मॅट, डबल साइड. जिंतूरला नाही मिळाला तर परभणीला कॉम्प्युटरचं सामान विकणाऱ्यांकडं किंवा फोटो स्टुडिओवाल्यांना माल देणाऱ्यांकडं विचार, वही-पेनाच्या दुकानात हा सहसा नसतो म्हणून तो दुकानदार तुला जाड ग्लॉसी सांगत होता. कोणी आर्ट पेपर दाखवला तर घेऊ नको. दिसायला छान गुळगुळीत असतो, कॅलेंडरं, माहितीपत्रकं त्यावर असतात, पण तो ऑफसेटचा, म्हणजे छापखान्यातल्या मोठ्या मशीनचा कागद, त्यावर इंकजेटची शाई दिवस दिवस वाळत नाही.

आणि एक गोष्ट डोक्यात पक्की ठेव, कारण गावात कोणीतरी सांगेलच की अमक्याच्या सेंटरवर लेझर प्रिंटर आहे, तुझा कागद घेऊन जा, पटकन होईल. इंकजेटचा ग्लॉसी कागद लेझर प्रिंटरमध्ये कधीही घालायचा नाही. आमच्याच दुकानात हे झालं. मी जेवायला घरी गेले होते, कामावरच्या मुलानं गिऱ्हाइकाचा फोटो पेपर लेझरला लावला. त्या कागदाच्या दोन्ही अंगांना प्लास्टिकचा पातळ थर असतो, आणि लेझरच्या आत टोनर वितळवायला तापलेला रोलर असतो. कागद त्या रोलरला गुंडाळून वितळला. मी आले तेव्हा दुकानात जळक्या प्लास्टिकचा वास होता आणि तो मुलगा कोपऱ्यात उभा राहून रडत होता. त्याची चूक नव्हती, मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून प्रत्येकाला सांगते, विचारलं नाही तरी सांगते.

पैशाचं बोलू. मॅटचं एक पान झेरॉक्सच्या पानाच्या कैक पट पडतं, त्यामुळं ६४ पानं म्हणजे एका पुस्तकाला ३२ कागद, हे सगळे मॅट घ्यायचे की नाही हा विचार तुझ्या मनात येणारच. एक काटकसरीचा रस्ता आहे, सगळे फोटो ओळीनं १६ पानांवर आणायचे, म्हणजे ८ कागद मॅट आणि बाकीचे २४ चांगल्या १०० जीएसएमच्या साध्या कागदावर. साधा घेताना वेष्टनावर कलरलॉकची खूण आहे का बघ, त्या कागदात शाईला वरच्या वर धरून ठेवणारे क्षार घातलेले असतात, अक्षरं बरीच ठळक येतात. परवडत नसेल तर हे जरूर कर, पुस्तक वाईट होणार नाही. पण मला विचारशील तर जी ओवी भावावर आहे तिच्या समोरच भावाचा फोटो पाहिजे, जी लेकीवर आहे तिच्या शेजारी ती लेक पाहिजे. आत्या पान उघडेल आणि डाव्या हाताला तिच्यावरची ओवी, उजव्या हाताला परकरातली ती, हे सुटं करून फोटो शेवटी एकत्र टाकले तर अर्धा जीव जातो. थोडे पैसे दुसरीकडं कुठं वाचवता आले तर वाचव, इथं नको.

कागदाइतकंच फोटोचं पण बघ. घरच्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेले फोटो असतील तर ते आकसलेले असतात, मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांग. चांगल्या छपाईला एका इंचात ३०० पिक्सेल धरतात, म्हणजे ४ इंच रुंद फोटोला १२०० पिक्सेल रुंदी पाहिजे. जुन्या फोटोचा मोबाइलनं फोटो काढू नको, काच नसली तरी चमक येते. तुझ्या प्रिंटरला वर स्कॅनर असणार, त्यावर ६०० डीपीआयला, म्हणजे एका इंचात ६०० ठिपक्यांना, स्कॅन कर, आधी काच मऊ कापडानं पुसून घे. आणि सगळे फोटो छापायच्या आधी थोडे उजळ कर, विशेषतः आपल्या सावळ्या माणसांचे चेहरे आणि चुलीपाशी, माजघरात काढलेले फोटो. स्क्रीनच्या मागं दिवा असतो, कागदाच्या मागं नसतो, त्यामुळं स्क्रीनवर बरा दिसणारा चेहरा कागदावर नेहमी अंधारा येतो. जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो एकदा ग्रेस्केल, म्हणजे नुसता काळा-करडा करून आणि एकदा कलरमध्येच काढून बघ. फक्त काळ्या शाईत छापलं तर गालावर दाणे दिसतात, रंगात छापलं तर हलकी निळसर किंवा तांबूस झाक येऊ शकते. मला स्वतःला थोडी तांबूस झाक चालते, गालावरचे दाणे चालत नाहीत.

सगळं छापायला घेण्याआधी एकच नमुना पान तयार कर. त्यावर एक ओवी पुस्तकात आहे त्याच अक्षरात, एक उजेडातला चेहरा, एक अंधारातला फोटो. ते मॅटवर मॅटच्या सेटिंगला काढ, आणि शिल्लक ग्लॉसीवर ग्लॉसीच्या सेटिंगला पण काढ, म्हणजे माझ्या शब्दावर जायला नको. रात्रभर वाळू दे. सकाळी दोन्ही पानं आजीच्या हातात दे, ती दारात किंवा ओसरीवर जिथं रोज बसते तिथंच, आणि काही न बोलता बघ ती कुठलं पान डोळ्याजवळ नेते आणि कुठलं लांबूनच ओळखते. आणि आधी झेरॉक्सच्या कागदावर काढलेल्या पानावर एका काळ्या अक्षरावर पाण्याचा एक थेंब टाक. अक्षर जसंच्या तसं राहिलं तर काळी पिगमेंट आहे, निळसर-जांभळा ओघळ आला तर डाय आहे. डाय निघाली म्हणून घाबरायचं कारण नाही, फक्त आत्यांना सांगायचं की ओल्या हातानं धरू नका.

वेळेचं बरं झालं की तू आत्ताच विचारलंस, महालक्ष्म्या नुकत्याच उठल्यात आणि भाऊबीजेला अजून अवकाश आहे. भादव्यात छापू नको. आपल्याकडं या दिवसांत हवा ओलसर असते, कागद ओल ओढून घेतो, मऊ पडतो, दोन-दोन पानं एकदम ओढली जातात आणि छापलेलं वाळायला पण वेळ लागतो. दसरा झाला की ऑक्टोबरचं ऊन पडतं, हवा कोरडी होते, तेव्हा काढ. तोवर पाकीट फोडू नको, आडवं ठेव, उभं ठेवलं की कागदाला पोक येतो, आणि कोठीत धान्याच्या थप्पीवर वगैरे ठेवू नको, तिथं दमट असतं. फोडल्यावर जेवढे लागतील तेवढेच काढ आणि पिशवी परत बंद कर.

छापताना एकेक पुस्तक पूर्ण कर, पाचही एकदम काढायला जाऊ नको. आधी नोझल चेक काढ, म्हणजे शाईची भोकं मोकळी आहेत का ते दाखवणारं रेघांचं पान, रेघ तुटत असेल तर एकदा हेड क्लीनिंग कर, चांगली आली की थांब, उगं सारखं सारखं केलं तर शाई वाया जाते. ट्रेमध्ये दहा-दहाच कागद घाल, घालण्याआधी फडफडवून मोकळे कर, कडेला धर, मधे बोटं लावू नको, घामाचा डाग कोटिंगवर राहतो आणि छापल्यावर दिसतो. पहिल्यांदा सगळी विषम पानं काढ, पलंगावर चादर अंथरून सुटी सुटी वाळत घाल, पंखा जोरात नको. दुसऱ्या दिवशी मागची सम पानं. मागची बाजू लावताना कागद कुठल्या बाजूनं उलटायचा ते आधी साध्या कागदावर पेन्सिलीनं बाण काढून बघ, यात एकदा चूक झाली की सगळी पानं उलटी. शाई अर्धी असेल तर पुढची बाटली आधीच आणून ठेव, आणि मशीनची असेल तीच आण, मधेच दुसरी शाई घातली तर तिसऱ्या पुस्तकातल्या आत्याच्या साडीचा रंग वेगळा यायचा.

बांधणीला स्पायरल किंवा वायरो, म्हणजे तारेची बांधणी करून घे. कोटिंगवाल्या कागदावर गमाची बांधणी नीट धरत नाही, पानं सुटून येतात. शिवाय वायरोचं पुस्तक मांडीवर पूर्ण उघडं राहतं. मशीनची शेवटची पानं वाळल्यावर एक अख्खा दिवस जाऊ दे आणि मगच बांधायला ने. आतल्या पानांना लॅमिनेशन करायचं कोणी सुचवलं तर नाही म्हण, पुस्तक जड होतं आणि चमक परत येते, ज्याच्यासाठी आपण मॅट घेतला तेच जातं. पुस्तक झाल्यावर कपाटात, अंधारात राहिलेलं बरं. डायची शाई उन्हानं आणि हवेनं उडते. मी माझ्या आईचा फोटो छापून खिडकीसमोरच्या भिंतीला लावला होता, दोन उन्हाळ्यात तिच्या कुंकवाचा लाल रंग गेला. बंद पुस्तकात असं होत नाही, निदान लवकर तरी नाही. फाइल मात्र दोन ठिकाणी जपून ठेव.

वरच्या पानासाठी मला एक सुचतंय. दौलताबादहून खुलताबादला जाताना वाटेत कागजीपुरा लागतं, तुघलकानं राजधानी दौलताबादला आणली तेव्हापासूनची हातकागदाची परंपरा तिथं सांगतात. संभाजीनगरला कोणी जाणारं असलं तर तिथला हातकागद मागव. पण तो प्रिंटरमध्ये घालू नको, त्याचे सुटे धागे आत जातात, जाडी पण सारखी नसते, हेड घासतं. मुखपृष्ठ म्हणून नुसता लाव आणि पुस्तकाचं नाव हातानं लिही. आधी कोपऱ्यात पेन टेकवून बघ शाई फुटते का, फुटत असेल तर पेन्सिल किंवा जेल पेन घे.

हिशोब असा धर. एका पुस्तकाला ३२ कागद. तू पाच पुस्तकं म्हणालास, पाच आत्यांची पाच. आजीचं सहावं कर. तिचं थोडं वेगळं कर, अक्षरं लहान केलीस तरी चालेल, फोटो मोठे, जमलं तर एका पानावर एकच. त्याला कागद थोडे जास्त लागतील. म्हणजे १६० आणि आजीचे ४० धरून २००, आणि बिघडतील म्हणून वर २५ ते ३०. ५० पानांचं पाकीट धरलं तर पाच पाकिटं लागतील, सगळी एकाच कंपनीची आण, दोन कंपन्यांच्या कागदाचा पांढरा कधी सारखा नसतो. पण आधी एकच पाकीट घेऊन नमुना पान काढ, आजीला दाखव, आणि तिनं काय केलं ते मला लिहून कळव, मग बाकीची चार घे.